रणगाड्यातला बबन

हातभरसुद्धा लांब नसलेल्या एका प्लॅस्टिकच्या रणगाड्यानं आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला जेवढा ताप दिला, तेवढा एकाहत्तर सालच्या खऱ्या लढाईनंही दिला नसेल, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. लढाई पंधरवड्यात आटोपली. रणगाडा दिवाळीपासून संक्रांत उलटून जाईपर्यंत घरात ठाण मांडून होता. आमचं एकुलतं एक टेबल त्यानं बळकावलं, आईचा पोळपाट बळकावला, अण्णांचे रविवार गिळले, आणि मला तर असं छळलं की पुढं आयुष्यभर चित्रकला शिकवूनही माणसाचा चेहरा काढायला घेतला की माझ्या कपाळावर अजून आठी चढते.

तो आणला माझ्या मामानं. मामा मालवाहू बोटीवर होता आणि जगभरातून घरी येताना नेमकं कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काहीतरी घेऊन यायचा. त्या दिवाळीत त्यानं माझ्या हातात एक मोठं खोकं ठेवलं. झाकणावर धुरळा उडवत निघालेला रणगाडा, भोवती तीन शिपाई आणि सगळीकडे जपानी अक्षरं. "नलूला रंगकामाची आवड आहे ना? हे जोडायचं आणि रंगवायचं," मामा म्हणाला. मी अकरावीत होते, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. मला हवी होती ती चांगली रंगपेटी. पण खोकं उघडलं तर आत हिरवट प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले इतके इवले इवले भाग होते की मला त्यांची भुरळ पडली. चाकं, साखळ्या, तोफेची नळी, झाकणं, एवढंच काय, टाचणीच्या डोक्याएवढे कंदीलसुद्धा. मी त्यातलं एक चाक तोडायला गेले आणि पाठीमागून अण्णा ओरडले, "हात लावू नकोस! आधी बघू दे."

तिथून ते खोकं माझं राहिलं नाही. अण्णा कंपनीच्या टूलरूममध्ये होते. तिथं केसाएवढा फरक पडला तर अख्खा जॉब भंगारात जातो, हे त्यांचं रोजचं पालुपद होतं, आणि तेच माप ते घरातल्या प्रत्येक गोष्टीला लावायचे, आईच्या पोळ्यांनासुद्धा. सगळे भाग चौकटीसकट साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्याला तेल लावलेलं असतं आणि तेलावर रंग धरत नाही. मग एकेक भाग ब्लेडनं सुटा करायचा. मग त्याच्या कडेची राहिलेली रेघ बारीक पॉलिश पेपरनं घासायची, नखाला लागेनाशी होईपर्यंत. मी घासायची. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून तो भाग उजेडात धरायचे, त्यावरून नख फिरवायचे आणि म्हणायचे, "लागतंय." मी परत घासायची. "लागतंय." पूर्वपरीक्षा जवळ आलेली, मैत्रिणी संध्याकाळी भटकायला निघालेल्या, आणि मी चाकं घासत बसलेली. रंगाचा थेंबही अजून दिसला नव्हता. "रंगवणं शेवटचं काम," अण्णा म्हणायचे. "खरं काम ह्याच्या आधीचं." मी मनातल्या मनात मामाच्या बोटीला शिव्या घालायची.

धुतलेली चाकं अण्णांनी एकदा गच्चीवर आईनं वाळत टाकलेल्या आवळासुपारीशेजारी ताटात ठेवली. संध्याकाळी आईनं अंधारात दोन्ही ताटं एकत्र केली. मग एक चाक सापडेना. दोन दिवस घर उलथंपालथं झालं, केरसुणीच्या काड्यासुद्धा विस्कटून झाल्या. शेवटी शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, त्यांना आईनं बरणीतली सुपारी दिली. बाईंनी बराच वेळ ती या गालातून त्या गालात घोळवली आणि शेवटी अतिशय सभ्यपणे रुमालात काढून ठेवली. त्या गेल्यावर अण्णांनी ते चाक धुतलं, उजेडात धरलं आणि समाधानानं म्हणाले, "काही झालं नाही त्याला." आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

खोक्यातली गोंदाची नळी समुद्राच्या हवेनं वाळून गेली होती. म्हणून अण्णांनी कसल्याशा द्रावणात चौकटीचे उरलेले तुकडे विरघळवून स्वतःच चिकटद्रव्य बनवलं. त्याचा गोडसर, डोकं धरणारा वास पांघरुणांपर्यंत पोचला. ते लावलं की दोन भाग एकमेकांत मुरून जायचे, परत सुटण्याची बात नाही. अण्णांना त्याचा फार अभिमान होता. रंग आणला मी, हायवेवरच्या हमीदचाचांकडून. चाचा ट्रक रंगवायचे. लष्कराच्या जुन्या गाड्या विकत घेऊन लोक त्यांच्याकडे आणायचे, त्यामुळे तो लष्करी हिरवा कसा मिसळायचा हे त्यांना ठाऊक होतं. मी औषधाची बाटली पुढं केली तसे ते वैतागले. "एवढासा? अगं बेटी, एवढा तर माझ्या ब्रशला लागून वाया जातो." तरी त्यांनी बाटली भरून दिली, आणि वर खारीच्या केसांचा एक झिजलेला ब्रश दिला. त्यातले बहुतेक केस मी कापून टाकले आणि अगदी थोडे ठेवले, म्हणजे माणसांचे चेहरे रंगवता येतील.

तोवर लढाई सुरू झाली. भोंगे वाजू लागले, कारखान्यांचा पट्टा म्हणून आमच्याकडे काळोखाची सक्ती जास्तच कडक होती. अण्णांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, तेही कोपरे मोजून. घरात दिवसाही दिसेना. म्हणून मी पोळपाट घेऊन बाहेर ओसरीवर रंगवायला बसू लागले. तिथंच आक्कांनी ते पाहिलं आणि माझ्या खऱ्या छळाला सुरुवात झाली.

आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. चिंचवड गावात त्यांचं घर, पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागं आक्का आणि त्यांची सून इंदूवहिनी. आक्कांचं माहेर कुरुळीचं. गावरान, ठसठशीत बाई, नवरा लवकर गेलेला, एकट्यानं जमीन सांभाळून मुलगा वाढवलेला. तो मुलगा, बबन, लष्करात होता. गेल्या उन्हाळ्यात, आम्ही तिथं राहायला येण्याआधी, लग्नापुरता सुट्टीवर आला, लग्न झालं, पूजा, देवदर्शन, पाहुणे यांत सुट्टी संपली आणि तो गेला. "रणगाड्याच्या पलटणीत हाय माजा बबन," हे आक्का भाजीवाल्यापासून ते रॉकेलच्या दुकानापर्यंत सगळ्यांना सांगायच्या. लढाई सुरू झाल्यापासून त्याची खबरबात नव्हती.

मी तेव्हा रणगाड्याच्या वरच्या झाकणातून अर्धा बाहेर आलेल्या शिपायाला हात घातला होता. मूळचा तो कुणीतरी गोरा, शिरस्त्राण घातलेला होता. ते शिरस्त्राण घासून काढून मी त्याला भेगा बुजवायच्या लांबीची काळी टोपी करून दिली होती, आपल्या शिपायांसारखी तिरकी. आक्का गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन थांबल्या. पाटी खाली ठेवली. उकिडव्या बसल्या.

"नले, ह्यो कोन गं?"

"शिपाई आहे, आक्का. रणगाड्यातला."

आक्का बराच वेळ बघत राहिल्या. "बबनच हाय की," त्या म्हणाल्या.

मी हसले आणि "हो" म्हटलं. तो एक शब्द मी म्हटला नसता तर माझी अकरावीची पूर्वपरीक्षा बरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का परत आल्या. "आमचा बबन एवढा गोरा न्हाई." मी रंगात तपकिरी वाढवला. तिसऱ्या दिवशी, "एवढा बी काळा न्हाई गं." चेहरा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. प्रत्येक वेळी जुना रंग टर्पेंटाइननं पुसायचा, वाळू द्यायचा, नवा थर इतका पातळ द्यायचा की नाकडोळे बुजणार नाहीत, तो वाळायला दिवस जायचा, आणि मग आक्का. "कपाळ मोठं हाय त्याचं." "हनुवटी अशी न्हाई." मी डोळे रंगवले. पांढऱ्यावर काळा ठिपका, सुईच्या टोकानं, श्वास रोखून. आक्का म्हणाल्या, "असा भ्याल्यावानी का बघतोय त्यो? माजा बबन कुनाला भीत न्हाई." आणि खरंच, तो भेदरलेला दिसत होता. पुष्कळ डोकं खाजवल्यावर मला कळलं की एवढ्या लहान चेहऱ्याच्या डोळ्यांत पांढरं द्यायचंच नसतं, नुसती एक गडद रेघ ओढायची, म्हणजे तो उन्हात डोळे बारीक करून लांब बघतोय असं वाटतं. ही युक्ती मी पुढं कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवली. ती शिकताना मात्र मी ब्रश अंगणात भिरकावला होता.

"आक्कांना सांगा ना तुम्ही," मी अण्णांकडे रडकुंडीला येऊन म्हणाले. "तो बबन नाहीये. जपानात साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक आहे ते."

"सांगतो," अण्णा म्हणाले. पण ते सांगायला गेले त्याच दिवशी पलीकडच्या आळीत तारवाला आला. त्याची सायकल आमच्या दारावरून जाताना आक्का अंगणात होत्या. हातातलं सूप तसंच टाकून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सायकल पुढं गेली, लांबून कुणाच्या तरी घरातून हंबरडा ऐकू आला, तेव्हा त्या बाहेर आल्या. अण्णा तसेच परतले. दुपारी आक्का माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कान जरा बाहेर काढ. बापावानी कान हायती त्याचे." मी कान बाहेर काढले.

आक्का शेतावर गेल्या की इंदूवहिनी यायची. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागे. ती काही सुचवायची नाही. नुसती बघायची. मला तेही बोचायचं, कारण ती आली की मला वाटायचं आता हीसुद्धा काहीतरी सांगणार. एक दिवस मी वैतागून म्हटलंच, "वहिनी, तुम्हीच सांगा एकदा काय ते. आक्का रोज नवं काढतात. नवरा तुमचा आहे, तुम्हाला तरी ठाऊक असेल."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला त्यांचं तोंड नीट याद न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"घरात पावनं होतं समदं. आत्याबाई समोर असायच्या. वर मान करून बघनार कवा? लग्नातल्या फोटोत मुंडावळ्याच दिसत्यात नुसत्या." ती शिपायाकडे बघत होती. "आत्याबाई सांगत्यात तसं तू रंगवतीस, ते बघून मी मनात बशिवती. पन एक चुकतंय." ती पुढं काही बोलणार तोच फाटक वाजलं आणि ती उठून गेली.

काय चुकतंय हे मला संक्रांतीनंतर कळलं. लढाई कधीच संपली होती. बाकीच्यांची पत्रं आली, कुणाकुणाची माणसं आली, बबनचं काहीच नाही. रणगाडा जवळजवळ झाला होता. हिरव्यावर मी फिकट हिरवा जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवरून फिरवला होता, खाचांत काळपट पाणी सोडलं होतं, साखळ्यांना खडूची पूड आणि तपकिरी रंग कालवून चिखल लावला होता. अण्णा नख फिरवूनही काही बोलले नव्हते, ही त्यांची शाबासकी. इतक्यात आक्का परस्पर शाळेत जाऊन आमच्या मुख्याध्यापकांना सांगून आल्या की नलीनं बबनचा रणगाडा केलाय. मुख्याध्यापक लगेच घरी. सव्वीस जानेवारीला व्यासपीठावर ठेवायचा, खाली पाटी लावायची, 'आपल्या गावचा रणगाडावीर'. मला कुणी विचारलंच नाही.

त्यामुळे आक्का शेवटची तपासणी करायला बसल्या. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते, आई तांदूळ निवडत होती, वहिनी उंबऱ्यात होती. आक्कांनी शिपाई डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "आता झाला. आता बबन झाला."

मी ब्रश धुवायला घेतला.

"मिशी ऱ्हायली," उंबऱ्यातून आवाज आला.

आक्कांनी वळून पाहिलं. सून आजवर त्यांच्या बोलण्यावर बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"कसली मिशी?"

"त्यांची."

"माज्या बबनला मिशी न्हाई."

"हाय."

"मला सांगतीस? नऊ म्हयने पोटात वागवलाय त्याला!"

"व्हय. पन मिशी हाय," वहिनी म्हणाली. ती मागं हटली नाही. "तोंड याद न्हाई मला. पन मिशी हाय. मला टोचलीया ती."

आई तांदूळ निवडायची थांबली. अण्णांनी पेपर एकदम वर धरला, इतका वर की नुसती त्यांची बोटं दिसत होती, आणि पेपर हलत होता. वहिनीला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या नाकातून कसला तरी आवाज आला, मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी मग थांबलंच नाही. हसण्याचं रडणं केव्हा झालं ते आम्हाला कळलं नाही. वहिनी उठून त्यांच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं आक्का पदरानं तोंड पुसत माझ्याकडे वळल्या. "काढ गं मिशी. बायकू म्हनतीया तर असंल."

मी काढली. ब्रशला एकच केस ठेवून काढली. अण्णांनी शिपायाला त्यांच्या त्या चिकटद्रव्यानं झाकणात बसवला, झाकण उघडं चिकटवलं, आणि रणगाडा शाळेत गेला.

आणि सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी बबन आला.

पत्र नाही, तार नाही. एसटीतून उतरून ट्रंक खांद्यावर घेऊन सरळ अंगणात. पत्रं टाकली होती म्हणाला, मधेच कुठंतरी पडून असतील. आक्कांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात ओठांवर येऊन थबकला.

"ही कवा ठिवलीस?"

"आये, लग्नात बी व्हती की," तो म्हणाला.

मी आईकडे पाहिलं, आई भिंतीकडे बघायला लागली. वहिनी आतच होती. घर बायाबाप्यांनी भरून गेलं, चहाची पातेली चढली, आणि त्या गोंधळात आक्कांनी त्याला एवढंच सांगितलं की सकाळी शाळेत झेंड्याला जायचंय, हेडमास्तरांनी बोलावलंय. रणगाड्याचं कुणी बोललं नाही. मी जरा निवांतपणे त्याच्याकडे बघून घेतलं. कपाळ आक्का म्हणायच्या तेवढं मोठं नव्हतं. कान मात्र बापाचे असणार.

सकाळी झेंडावंदन झालं. गाव लोटलं होतं. मुख्याध्यापकांनी टेबलावरचा रुमाल बाजूला केला, रणगाडा उन्हात चमकला, टाळ्या पडल्या. मग त्यांनी शत्रू, रणांगण, आग ओकणारी तोफ असं बरंच काही सांगितलं, जणू ते स्वतः आत बसले होते. "आणि आता आपला रणगाडावीर चार शब्द बोलेल." बबन उठला. गणवेश, छातीवर फीत. टेबलापाशी गेला, वाकला, पाटी वाचली, झाकणातल्या शिपायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता हाही म्हणणार, हनुवटी चुकली.

"मास्तर," तो सावकाश म्हणाला, "ह्यो मी न्हाई."

मुख्याध्यापक पाटीकडे बघू लागले.

"पलटन हीच हाय. पन मी रणगाड्यात न्हवतो. मी लंगरात असतो. सैपाकी हाय मी."

मागच्या रांगांतून हसण्याची लाट आली. मुख्याध्यापक घाईनं काही बोलणार होते, पण बबन तसाच उभा राहिला. हसणं संपेपर्यंत थांबला.

"त्या दिशी पोरास्नी भल्या पहाटं पुऱ्या न् चहा दिला. एकजन म्हनला, रात्री खीर कर. सांजच्याला मी सैपाक केला, खीर बी केली. रोजच्या मापानं केली." त्यानं हात टेबलाच्या कडेवर ठेवले. "लई उरली."

एवढंच बोलला आणि खाली येऊन बसला. कुणी टाळी वाजवली नाही. प्रार्थना म्हणून सभा सुटली.

आक्का बायकांतून उठल्या आणि कुणाशी न बोलता तरातरा घरी निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या ओसरीवर उभ्या होत्या, आणि सगळा राग आमच्यावर. "तुमी शिकल्याली मानसं! पोरीला रणगाड्यात बशिवता आलं त्याला, इचारता न्हाई आलं व्हय, बबन तिथं काय करतोय म्हनून? समद्या बाजारात मी सांगून बसले." माझं डोकंच फिरलं. दोन महिने तांदळाएवढा चेहरा पुसून पुसून माझे डोळे दुखायला लागले होते, पूर्वपरीक्षेत गणित गेलं होतं, आणि बोलणी मलाच. "तुम्हीच म्हणालात बबन आहे म्हणून!" मी ओरडले. "मी शंभरदा सांगत होते हे प्लॅस्टिक आहे!" शंभरदा सांगितलं नव्हतं, एकदाही सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. आईनं मला आत ओढलं.

थोड्या वेळानं बबन रणगाडा घेऊन आमच्या दारात आला. दोन्ही हातांत, जपून धरलेला. "रागावू नगंस," तो म्हणाला. "लई बेस केलाय. असंच असतंय ते, ह्या साकळीला असाच चिखल बसतो." मग म्हणाला, "एक करशील? मला तिथनं उतरीव."

अण्णांचं चिकटद्रव्य. शिपाई रणगाड्याशी एकजीव झाला होता. अण्णा टूलरूमची बारीक करवत घेऊन बसले आणि मी धरून राहिले. शिपाई कमरेत तुटून निघाला. ती भोकाची जागा मी बुजवू का विचारलं. बबन नको म्हणाला. "ऱ्हाऊ दे. तिथं बसायचा त्याचं नाव मला ठावं हाय." मग तो रणगाडा आमच्या टेबलावर ठेवून मागं निघून गेला.

तो रणगाडा आज माझ्या कपाटावर आहे. मोकळं झाकण तसंच आहे. माझी नातवंडं विचारतात की आतला माणूस कुठं हरवला, आणि मी लांबण लावत नाही. बबननं पुढं नोकरी पुरी केली, चाकणच्या बाजूला कारखाने उठायला लागले तेव्हा एका कंपनीची कँटीन चालवायला घेतली, आणि निघोजे, कुरुळीची पोरं अजून त्याच्या हातच्या रश्शाबद्दल बोलतात. तुटलेला शिपाई आक्कांनी मागून नेला होता. त्याचं त्यांनी काय केलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मला त्याचं तोंड परत बघायचं नव्हतं.

त्या दुपारी मात्र मागच्या अंगणात धूर दिसला म्हणून मी गेले. बबन अंगणातल्या चुलीपुढं बसून पुऱ्या तळत होता. आक्का दाराला टेकून उभ्या होत्या. सकाळपासून त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात पुरुषानं चुलीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता, पण त्यांनी त्याला उठवलं नाही.

"लई उरलं म्हनलास," त्या शेवटी म्हणाल्या. "मग काय केलंस त्याचं?"

"आये, नगं इचारू."

आक्कांनी विचारलं नाही. पुढं झाल्या, त्याच्याशेजारी बसल्या, परातीतली कणीक ओढून घेतली आणि लाट्या करू लागल्या. वहिनी आडोशाला उभी होती, पाण्याचा तांब्या हातात, पदर कपाळावर, मान खाली. बबननं हात पुढं केला, तिनं तांब्या दिला आणि मागं सरायला लागली.

"कुटं निघालीस?" आक्का म्हणाल्या. वहिनी थांबली. आक्कांनी वर न बघता लाटी पिठात बुडवली. "बस हितं समोर. आन् पदर कर मागं. चार दिसांनी परत जायाचाय त्यो. बघून घे नीट."

वहिनी बसली. तिनं पदर मागं सारला आणि भर उन्हात, सासूसमोर, माझ्यासमोर, मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो लाजला आणि त्याची पुरी जळाली.

"बघून घे," आक्का म्हणाल्या. "आमी काय म्हनत न्हाई."